नवी गाडी यार्डात का उभी असते?

न्यू जर्सीत एडिसनला लागून मेट्रोपार्क नावाचं स्टेशन आहे. सकाळी फलाटावर उभं राहिलं की न्यूयॉर्कला नोकरीला निघालेल्या मंडळींच्या बोलण्यात मराठी सहज कानावर पडतं. मधेच घोषणा होते, कडेपासून मागे सरका, आणि एक लांबलचक गाडी न थांबता सुसाट निघून जाते. हातातल्या कागदी कपात कॉफीवर वर्तुळं उठतात. ही असेला. वॉशिंग्टन ते बोस्टन धावणारी, अमेरिकेतली सगळ्यात वेगवान प्रवासी गाडी. काही असेला मेट्रोपार्कला थांबतात, बाकीच्यांचा नुसता वारा लागतो.

या असेलाची नवी पिढी २०२१ साली धावायला लागणार होती. प्रत्यक्षात ती धावली २८ ऑगस्ट २०२५ला. मधल्या काळात फिलाडेल्फियावरून जाता-येता यार्डात या गाड्या उभ्या दिसायच्या. नव्याकोऱ्या, लाल-निळ्या-पांढऱ्या. नवरदेव नटून बसलाय आणि वरात काही निघत नाही, असा तो प्रकार होता.

माझा मेहुणा तेव्हा भारतातून आला होता. खिडकीतून ती रांग बघून म्हणाला, "भाऊजी, हे लोक चंद्रावर जाऊन आले ना? मग तयार गाडी रुळांवर चालवायला एवढा वेळ? रूळ आहे, तार आहे, चालवा की!"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर दोन कागदी कप घेऊन द्यायचा प्रयत्न केला. ते उत्तर जरा नीट लिहून काढतो.

तुम्हीही करून बघा. चहाचे दोन कागदी कप घ्या, तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा ढोलक्यासारखा आकार होईल. आता दोन सरळ काठ्या किंवा मोजपट्ट्या समांतर ठेवून त्यांना थोडा उतार द्या आणि वरून ही ढोलकी सोडा. ती खाली पडणार नाही. थोडी डावीकडे गेली तर आपोआप उजवीकडे वळेल, उजवीकडे गेली तर डावीकडे, आणि डुलत डुलत खाली पोचेल. आता कप उलटे जोडा, म्हणजे बुडाला बूड. मधे निमुळती, टोकांना रुंद. ही वीतभर जाऊन काठ्यांवरून घसरते.

रेल्वेचं चाक पहिल्या प्रकारचं आहे. लांबून ते सपाट गोल दिसतं, पण त्याची धाव, म्हणजे रुळाला टेकणारी कड, किंचित उतरती असते. आतल्या बाजूला व्यास जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. दोन्ही चाकं एकाच घट्ट आसाला ठोकलेली असतात, मोटारीसारखं डिफरन्शियल नसतं. आस उजवीकडे सरकला की उजवं चाक मोठ्या व्यासावर येतं आणि डावं छोट्या. एका फेऱ्यात उजवं चाक जास्त अंतर कापतं, त्यामुळे आस डावीकडे वळतो. गाडी रुळांवर टिकून राहते ती मुख्यतः या उतारामुळे. चाकाच्या आतल्या कडेची जी उभी कोर असते ती शेवटचा आधार. ती सारखी रुळाला घासायला लागली तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

म्हणजे गाडी कधीच अगदी सरळ जात नाही. ती नागमोडी जाते, फक्त ते डुलणं इतकं बारीक असतं की आपल्याला कळत नाही. आता उतार वाढवा, म्हणजे कपांचा वेग वाढेल. डुलणंही वाढेल. एका वेगानंतर ते स्वतःहून शमत नाही, प्रत्येक हेलकाव्याला मोठं होत जातं आणि ढोलकी उडून पडते. रेल्वेतले लोक याला हंटिंग म्हणतात. प्रत्येक गाडीला असा एक वेग असतो की ज्याच्यापुढे हे डुलणं आवरत नाही. तो वेग गाडीच्या ठरलेल्या वेगापेक्षा बराच वर ढकलणं हे बोगी (म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा) बनवणाऱ्याचं काम. त्यासाठी चाकाचा उतार कमी करतात (साध्या गाडीला २०ला १ चालतो, अतिवेगवान गाड्यांना ४०ला १ किंवा त्याहून कमी), आणि बोगी व डब्याच्या मधे आडवे शॉक अब्सॉर्बर बसवतात. आपल्या स्कूटरला असतात तसेच, फक्त आडवे झोपवलेले.

या आडव्या शॉक अब्सॉर्बरचं महत्त्व असेलाएवढं कुणी भोगलं नसेल. पहिली असेला डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तीही ठरल्या वेळेच्या साधारण वर्षभर उशिरा, आणि कारणांमध्ये चाकांची झीज होतीच. ऑगस्ट २००२ मध्ये या आडव्या शॉक अब्सॉर्बरला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना तडे सापडले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. एप्रिल २००५ मध्ये ब्रेकच्या चकत्यांच्या आऱ्यांमध्ये बारीक चिरा दिसल्या. एकूण १,४४० चकत्यांपैकी सुमारे ३०० मध्ये. पुन्हा सगळ्या गाड्या बंद, आणि हळूहळू परत यायला काही महिने. हे सगळं चाचण्या पास झाल्यावर, प्रवासी घेऊन काही वर्षं धावल्यावर.

मेहुण्याला इथपर्यंत पटलं. "पण मग ही नवी गाडी. तिच्या कारखानदारांनी फ्रान्समध्ये तीनशेच्या वेगाने गाड्या पळवल्यात. इथे काय अडलं?"

इथे अडले रूळ.

गाडी वेगवान आहे असं आपण म्हणतो तेव्हा अर्धंच वाक्य बोलतो. गाडी एखाद्या विशिष्ट रुळावर वेगवान असते. फ्रान्समध्ये तीनशेच्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत. ते अलीकडचे, लांब सरळ आणि मोठ्या त्रिज्येच्या वळणांचे आहेत. वॉशिंग्टन-बोस्टन हा ७३५ किलोमीटरचा मार्ग म्हणजे जुन्या वाड्याला टप्प्याटप्प्याने केलेलं नूतनीकरण. बाल्टिमोरचा बोगदा १८७३ सालचा. त्यात गाडीला ताशी ५० किलोमीटरच्या आत यावं लागतं. न्यू जर्सीत हॅकेनसॅक नदीवरचा पोर्टल पूल १९१० चा. बोटींना वाट द्यायला तो आडवा फिरायचा, आणि कधीकधी परत जागेवर बसायचा नाही, मग माणसं घण घेऊन जायची. कनेक्टिकटमधला नॉरवॉकचा पूल १८९६ चा. समुद्राच्या कडेने एकामागोमाग वळणं. आणि याच रुळांवरून लोकल गाड्याही धावतात.

विजेचंही तसंच. न्यूयॉर्कच्या दक्षिणेला १९३० च्या दशकात पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने टाकलेली व्यवस्था, २५ हर्ट्झची (सेकंदाला २५ आवर्तनांची), जगात आता फारशी कुठे न उरलेली. न्यूयॉर्क ते न्यू हेवन ६० हर्ट्झची. न्यू हेवन ते बोस्टन २५ हजार व्होल्टचा दाब, आपल्याकडे असतो तसा. एकाच प्रवासात तीन प्रकारची वीज. ज्यांनी जुन्या दिवसांत इगतपुरीला एसी-डीसीसाठी इंजिन बदलताना अर्धी झोप मोडून चहा प्यायलाय, त्यांना याची कल्पना येईल. फक्त इथे गाडीने धावताधावता बदल करायचा.

तारेबद्दल आणखी एक गोष्ट. कल्याणच्या बाजूला रुळांच्या खांबांवर जाड चकत्यांची वजनं लटकलेली पाहिली असतील. ती उन्हाळ्यात तार सैल पडली की खाली उतरतात आणि तिला ताणून धरतात, थंडीत वर चढतात. न्यूयॉर्कच्या दक्षिणेच्या त्या जुन्या तारेला अशी सोय फारशी नव्हती. उन्हाळ्यात ती लोंबते. गाडीच्या टपावरचा, वीज घेणारा पेंटोग्राफ तारेला खालून दाबत पुढे जातो आणि दाबामुळे तारेत लाट उठते. गाडी हळू असली तर लाट पुढे निघून जाते. गाडी लाटेच्या वेगाजवळ आली तर तार पेंटोग्राफपासून सुटायला लागते, ठिणग्या उडतात, तार झिजते, कधी तुटते. सैल तारेत लाट हळू जाते, म्हणजे गाडीची मर्यादाही खाली येते. गाडी कितीही ताकदीची असो.

आता वळणं. एसटीने घाट उतरताना आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, शेजारच्याच्या अंगावर जातो, तसं गाडीतही होतं. म्हणून वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. पण त्याच रुळावरून हळू जाणारी मालगाडीही जायची असते, त्यामुळे हवं तेवढं उंच ठेवता येत नाही. वेगवान गाडीला उंची कमी पडते. ती कमतरता भरून काढायला असेलाचे डबे वळणावर स्वतःच आत कलतात. पहिल्या असेलाच्या वेळी डबे १० सेंटिमीटर जास्त रुंद निघाले, आणि पूर्ण कलले तर शेजारच्या रुळावरच्या गाडीच्या फार जवळ जातील म्हणून कलणं कमी करावं लागलं. १० सेंटिमीटर! कागदावर खोडरबराने पुसता येईल एवढी चूक, पण बांधून झालेल्या गाडीत ती कायमची.

कलण्याने प्रवाशाचा त्रास कमी होतो, चाकांचा नाही, ही गोष्ट मेहुण्याला पटवायला बराच वेळ लागला. डबा कितीही आत झुकला तरी चाक बाहेरच्या रुळाला तेवढ्याच जोराने ढकलतं. उलट आता प्रवासी तक्रार करत नाही म्हणून गाडी आणखी जोरात नेता येते, म्हणजे रुळावरचा जोर वाढतो. चाक रुळाला बाजूने किती ढकलतंय आणि वरून किती दाबतंय, या दोन आकड्यांच्या भागाकारावर सगळा जीव असतो. बाजूचा जोर प्रमाणाबाहेर गेला तर चाक रुळावर चढू लागतं.

हे मोजायचं कसं? चाकांवर आणि आसांवर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवतात. चाक वाकतं, म्हणजे डोळ्याला दिसत नाही इतकंच, पण वाकतं, आणि पट्टी ते विजेच्या संदेशात कळवते. शेकडो किलोमीटर, सेकंदाला शेकडो नोंदी. अशी गाडी आधी कोलोरॅडोतल्या प्युएब्लो गावाबाहेरच्या चाचणी केंद्रात नेतात. तिथे माळरानावर सुमारे २२ किलोमीटरचं एक गोल रिंगण आहे. त्यावर कुठली लोकल आडवी येत नाही, की गुरं येत नाहीत. नवी असेला २०२० च्या फेब्रुवारीत तिथे गेली आणि ताशी २६५ किलोमीटरपर्यंत पळाली. ठरलेल्या २५७च्या वेगापेक्षा थोडी वरच. गाडी म्हणून ती पास झाली, पण त्या रिंगणात. बाल्टिमोर आणि नॉरवॉकचं काय, ते रिंगण सांगत नाही.

म्हणून नियम असा की आधी संगणकात गाडी बांधायची. तिचं वजन, स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, चाकाचा नेमका उतार, सगळं आकड्यांत. मग त्याच संगणकात खरा मार्ग टाकायचा, म्हणजे मोजून आणलेला एकेक खड्डा, उंचवटा, वळण. आणि ही आकड्यांची गाडी आकड्यांच्या रुळावरून पळवून बघायची. चाक झिजलेलं असेल तर? शॉक अब्सॉर्बर निकामी असेल तर? डबा रिकामा असेल तर? भरलेला असेल तर? इथे समाधान झालं की मगच संघराज्याचं रेल्वे प्रशासन खऱ्या मार्गावर पूर्ण वेगाच्या चाचणीची परवानगी देतं. लग्नाआधी पत्रिका बघतात तसंच, फक्त इथली पत्रिका खरंच काहीतरी सांगते.

नव्या असेलाची पत्रिका जुळेना. संगणकातली गाडी त्या जुन्या मार्गावर सुरक्षित धावते हे दाखवण्यात कंपनीला वारंवार अपयश आलं. दुरुस्ती, पुन्हा गणित, पुन्हा नापास. मान्यता मिळाली जानेवारी २०२४ मध्ये. म्हणजे गाडी सुरू व्हायची मूळ तारीख उलटून गेल्यानंतर.

इथपर्यंतचा उशीर मला तरी लाजिरवाणा वाटत नाही. दीडशे वर्षांच्या रुळांवर अडीचशेची गाडी चालवायची तर कुणीतरी नाही म्हणायला हवंच, आणि त्यांनी ते म्हटलं.

लाजिरवाणी गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडन यांनी विल्मिंग्टनच्या स्टेशनवर या गाड्यांसाठी २४५ कोटी डॉलरचं सरकारी कर्ज जाहीर केलं. २८ गाड्या, फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीच्या, न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल गावी बांधायच्या. पहिल्या एक-दोन नमुन्यांवर चाचण्या पूर्ण करून, चुका शोधून, आराखडा पक्का करून मग बाकीच्या बांधायच्या, असा साधा क्रम कुणालाही सुचेल. घरात पहिल्यांदा पुरणपोळी करताना आपण एक लाटून, भाजून, चाखून बघतो आणि मग उरलेल्या पुरणाला हात लावतो. इथे संगणकातल्या गाडीला मान्यता मिळण्याआधीच पुढच्या गाड्यांची बांधणी सुरू झाली. ही गाडी चालवणाऱ्या अॅमट्रॅक कंपनीच्या महानिरीक्षकांनी २०२३ साली अहवाल दिला तेव्हा १२ गाड्या बांधून झाल्या होत्या, आणि सगळ्या १२ मध्ये दोष निघाले होते. खानपानाच्या २८ डब्यांपैकी २२ मध्येही.

एका गाडीतला दोष ही माहिती असते. बारा गाड्यांत तोच दोष म्हणजे बारा वेळा खर्च. शिवाय या गाडीचे डबे एकमेकांशी कायमचे जोडलेले आहेत. दोन डब्यांच्या मधे एकच बोगी, दोघांनी वाटून घेतलेली. धावताना याचे फायदे खूप, पण एक डबा दुरुस्तीला काढून बाकीची गाडी चालू ठेवणं सोपं नसतं. एकाची खिडकी गळली की सगळी वरात खोळंबते.

आणि तिकडे जुनी असेला म्हातारी होत चालली होती. वीस वर्षांची गाडी, फक्त २० संच बनलेले, जगात दुसरीकडे कुठे नसलेल्या. तिचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. नवी येणार येणार म्हणून जुनीवर फार पैसा घालायचा नाही असं आधी ठरवलेलं असतं, आणि मग नवी येत नाही. उशिराची ही किंमत चाचणीच्या हिशोबात कुठेच लिहिलेली नसते. ती प्रवासी फलाटावर उभं राहून भरतो.

हे फक्त अमेरिकेचं दुखणं समजू नका. नियमांत शिस्तीचा आदर्श म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या जर्मनांनी २००८ मध्ये सीमेन्सकडून नव्या आयसीई, म्हणजे त्यांच्या अतिवेगवान, गाड्या मागवल्या. यायच्या होत्या २०११ च्या डिसेंबरात, आल्या २०१३ च्या डिसेंबरात. गाडी धडधाकट होती, अडलं ते मुख्यतः संगणकप्रणालीवर. दोन गाड्या एकत्र जोडून चालवताना ब्रेकचा हुकूम मागच्या गाडीपर्यंत पोचायला किंचित उशीर होत होता. किंचित म्हणजे एखादा सेकंद. २५०च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ ७० मीटर जाते, म्हणजे लोकलच्या तीन डब्यांहून जास्त. आजची गाडी ही चाकांवरचा संगणक आहे, आणि ज्याने कधी फोनचं अपडेट टाकून पस्तावा केलाय त्याला पुढचं सांगायला नको.

उलट उदाहरण हॉलंड-बेल्जियमचं. फायरा नावाची गाडी, इटलीच्या अन्साल्डोब्रेडा कंपनीची, ताशी २५०. २००७ ला यायची ती रडतखडत ९ डिसेंबर २०१२ ला सुरू झाली. एवढी रखडल्यावर सगळेच उतावीळ झाले असणार. जानेवारीत बर्फ पडलं, गाडीच्या तळाचे पत्रे निखळले, त्यातला एक रुळांजवळ पडलेला सापडला, आणि सहा आठवडेही पुरे व्हायच्या आत गाडी बंद. त्याच वर्षी दोन्ही देशांनी या गाड्या नाकारल्या. गंमत अशी की त्याच गाड्या दुरुस्त होऊन नंतर इटलीत धावायला लागल्या. म्हणजे मुळात पूर्ण टाकाऊ नव्हत्या, अर्ध्या कच्च्या वाढल्या गेल्या होत्या.

आणि चाचणी अपुरी पडली तर काय होतं, याचं उत्तर एशेडे हे गाव देतं. पहिल्या जर्मन आयसीईची चाकं एकसंध पोलादाची होती. गाडी सुरू झाल्यावर तक्रार आली की डबे थरथरतात, खानपानाच्या डब्यात कपबश्या वाजतात. उपाय म्हणून चाक आणि त्याच्या बाहेरच्या पोलादी धावेमधे रबराचं कडं घातलं. ट्राममध्ये असं चाक वापरात होतं. कपबश्या शांत झाल्या. पण एवढ्या वेगात, वर्षानुवर्षं, झिजत झिजत पातळ झालेली धाव प्रत्येक फेऱ्याला किती वाकते याची पुरेशी कसोटी झाली नव्हती. ३ जून १९९८ ला ताशी २०० किलोमीटरच्या वेगात एक धाव तुटली. गाडी पुलाच्या खांबाला धडकली आणि पूल गाडीवर कोसळला. १०१ माणसं गेली.

त्या कपबश्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण आपल्याकडे नव्या गाडीची चाचणी झाली की फोनवर येतो तो व्हिडिओ कशाचा असतो? पाण्याने भरलेल्या ग्लासाचा. वंदे भारत स्लीपर २०२५ च्या सुरुवातीला कोट्याजवळच्या मार्गावर १८०च्या वेगाने गेली तेव्हा ग्लासातलं पाणी सांडलं नाही, हे सगळ्यांनी एकमेकांना पाठवलं. छान आहे, मलाही आवडलं. पण ग्लास सांगतो तो प्रवाशाच्या आरामाबद्दल. चाक रुळाला बाजूने किती ढकलतंय, ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते, तिसऱ्या पावसाळ्यानंतर काय होईल, हे ग्लासाला ठाऊक नसतं. त्यासाठी लखनौच्या आरडीएसओचे, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेचे, लोक डब्यात वाळूची पोती भरून, प्रवाशांच्या वजनाचा हिशोब करून, पुन्हा पुन्हा त्याच मार्गावरून जातात. भरलेली, रिकामी, कोरडे रूळ, ओले रूळ. शेवटचा शिक्का रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा. (हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाडी चालवणाऱ्यानेच गाडी पास करू नये म्हणून. आपल्या सरकारी व्यवस्थेतल्या शहाण्या गोष्टींपैकी ही एक.)

स्लीपरचा पहिला नमुना सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळूरला दाखवला गेला आणि प्रवासी घेऊन पहिली गाडी जानेवारी २०२६ मध्ये हावडा-कामाख्या धावली. मधल्या सव्वा वर्षात लोक म्हणत होते, रखडली. माझ्या मते इथे क्रम ठीक होता, नमुना आधी फिरला. लातूरचा मामला निराळा. तिथल्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्यात रशियन भागीदारीतून १,९२० स्लीपर डबे बांधायचं कंत्राट २०२३ मध्ये ठरलं, आणि मग स्वच्छतागृहं किती, पँट्री कुठे, सामान ठेवायचं कुठे, यावर आराखडा पुन्हा टेबलावर आला. हा उशीर चाचणीचा नव्हे, मागणारा काय मागतोय हे आधी न ठरवल्याचा. डबा म्हणजे ओट्याची फरशी नाही की सिंक अर्धा फूट सरकवलं. एक स्वच्छतागृह हललं की वजन हलतं, पाण्याची टाकी हलते, मग बोगीचं गणित पुन्हा.

आपल्या घाटांनीही या गाड्यांची वेगळी परीक्षा घेतली आहे. भोर घाटात ३७ला १ असा चढ, तिथे साध्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली ती बँकरशिवाय, कारण तिच्या निम्म्या चाकांना स्वतःची मोटर आहे. चढण्याची चिंता नव्हती. उतारावर गाडी उभी राहिली तर ती मागे सरकता कामा नये, ही चिंता होती, आणि चाचण्या त्यासाठी झाल्या. बाहेरून बघणाऱ्याला ही उभी गाडी म्हणजे बिघडलेली गाडी वाटली असेल.

पहिली वंदे भारत, म्हणजे ट्रेन १८, चेन्नईच्या आयसीएफ या डबे कारखान्याने जेमतेम दीड वर्षात उभी केली. याचं कौतुक व्हायलाच हवं, ती खरोखर हुशारी होती. १५ फेब्रुवारी २०१९ ला ती दिल्लीहून वाराणसीला निघाली, आणि परतताना दुसऱ्याच दिवशी टुंडल्याजवळ बंद पडली. त्यात कुणाला काही झालं नाही, आणि नंतर गाडी चांगलीच चालली. पण नव्या गाडीचे पहिले काही महिने कसे असतात ते त्यातून दिसतं. चाचणीत न निघालेल्या खोड्या प्रवाशांसमोर निघतात. वेळापत्रक करणाऱ्याने त्यासाठी एखादी गाडी राखीव ठेवली असेल तर लोकांना कळतही नाही.

मेहुणा परत गेला त्याला आता बराच काळ झाला. नवी असेला सुरू झाल्याचा फोटो मी त्याला पाठवला. त्याने विचारलं, "किती वेळ वाचला?" जुनीचा कमाल वेग २४१, नवीचा २५७, तोही मार्गाच्या काही तुकड्यांवर. बाल्टिमोरच्या बोगद्यात दोघींना सारखंच हळू व्हावं लागतं. जागा मात्र सव्वा पट झाल्या, ३८६. सुरुवातीला २८ पैकी पाचच गाड्या धावत होत्या, बाकीच्या २०२७ पर्यंत एकेक करून येणार. त्यामुळे मेट्रोपार्कला कधी जुनी जाते, कधी नवी. लांबून दिवे सारखेच दिसतात. जवळ आली की नवीचं नाक लांब आणि टोकदार आहे हे कळतं, आणि तेवढ्यात ती गेलेली असते.